परत जाणारी घागर

मंडळी, घसा कोरडा पडला असेल, पण या घागरीकडे बघू नका. हे पाणी प्यायचं नाही. पायाखाली करकर वाजतोय तो मुरूम, आणि या काटकुळ्या वेली त्यातूनच वर आल्यात. खाली हिरवागार दिसतो तो पाटाखालचा काळा मळा. दोन्ही रानांची द्राक्षं एका टाकीत पडली तरच आमची पांढरी वाइन होते. त्याआधी मात्र ही घागर टेकडीवर जाते आणि भरलेलीच परत येते. का, ते ऐका.

फार मागची गोष्ट. वेलींची इंग्रजी नावं तेव्हा आम्हाला ठाऊकही नव्हती. कोंडाबाईचा नवरा गेला. थोरले दीर पुंजाबांनी वाटणीत काळा मळा स्वतःकडे ठेवला आणि तिच्या पदरात ही टेकडी टाकली. वर विहिरीचं पाणीही बंद केलं. म्हणाले, "वेली वाळल्या की गुमान माहेरची वाट धर. टेकडी माझी."

"आधी वाळू तर द्या," कोंडाबाई म्हणाली.

नदीवरून डोक्यावर पाणी आणून तिनं वेली जगवल्या. मग नदीच आटली. पुंजाबा म्हणे रोज बांधावर येऊन गळलेली पानं बघायचे आणि मिशीत हसायचे. कोंडाबाईचं काळीज तुटत होतं, पण त्या माणसासमोर तिनं डोळ्याला पदर लावला नाही. वेलीच्या बुडाशी बसून म्हणाली, "बाई गं, मी आता हरले. पाणी तूच खाली शोध." असं सांगतात की मुळं खडक फोडून खाली गेली. चैत्रात उघड्या काड्यांना डोळे फुटले. पुढे घडही धरले, पण मणी हरभऱ्याएवढे नि आंबट. बाजारात कुणी हुंगलंसुद्धा नाही.

मग गावात वाइनचं खूळ आलं. पुंजाबांच्या टपोऱ्या द्राक्षांची वाइन निघाली गुळमट, मिळमिळीत. पिंपंच्या पिंपं ओतून द्यावी लागली. वाइन करणाऱ्यानं टेकडीवरचा घड चाखला आणि सांगितलं, "पुढच्या हंगामाला हे मिसळा, नाहीतर नाद सोडा."

तेव्हा पुंजाबा अनवाणी, डोक्यावर घागर घेऊन टेकडी चढले. मागे सगळं गाव.

"कोंडा, पाणी घे. पाटही वळवतो. पण द्राक्षं दे."

"द्राक्षं न्या भाऊजी. टाकीत माझा निम्मा वाटा. पण पाणी परत घेऊन जा. मरत होते तेव्हा दिलं नाहीत, आता माझ्या वेलींना लाडावू नका. आणि माझ्या मुरमात एक थेंब सांडला तर सौदा मोडला!"

पुंजाबा थरथरत्या मानेनं भरली घागर घेऊन उतरले. थेंबही सांडला नाही म्हणे.

आजही तोडणीच्या पहिल्या दिवशी मळ्याच्या घरातला थोरला घागर घेऊन चढतो. गेल्या साली एका कंपनीनं ठिबकच्या नळ्या फुकट देऊ केल्या होत्या, कोंडाबाईच्या घरातल्या आताच्या सुनेनं त्याही परत पाठवल्या. मी पुंजाबांचा पणतू. व्हा आता बाजूला, ती बघा वर कमरेवर हात ठेवून उभी आहे. ती नको म्हणणार आणि मी खाली नेणार. कुणी धक्का देऊ नका रे बाबांनो, थेंब सांडला तर यंदा वाइन नाही.