पाहुण्याला सांगितलेली जागा

एका नदीकाठच्या गावात एक रीत होती. पाहुण्याने काही विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, आणि मोठी माणसं बोलत असताना लहानांनी तोंड उघडायचं नाही.

गावाशेजारी पूर्वी हत्ती लपेल एवढं उंच गवत होतं. त्यात गेंड्याची एक मादी आणि तिचं पिल्लू राहायचं. शेतं वाढवता वाढवता गावाने ते गवत कापत आणलं. नदीकडे जाणारा जेमतेम एक पट्टा उरला.

"आजोबा, एवढा तरी राखा. ती दोघं राहतील कुठे?" मुखियाची नात सारखी म्हणायची.

"गेंड्याची काळजी गेंडा करेल. तू चुलीवरचं दूध बघ," मुखिया हसून टाळायचा.

एके दिवशी गावात एक परका माणूस आला. मुखियाच्या पाया पडला, गूळपाणी घेतलं आणि म्हणाला, "तुमच्याकडे गेंडा आहे म्हणे. पण तो दिसायला भाग्य लागतं."

मुखियाची छाती फुगली. "भाग्य कसलं? गेंडा भारी शिस्तीचा, पाहुणे! रोज एकाच जागी शेण टाकतो. पट्टा संपतो तिथे ढीग आहे बघा. पहाटे जाऊन बसा, आमची मादी स्वतः समोर येऊन उभी राहील."

"अस्सं! आणि तिथे वारा कुठून वाहतो?"

तांब्या घेऊन उभी असलेली नात दचकली. नुसतं बघायला आलेल्याला वाऱ्याशी काय करायचंय? तिने खाली पाहिलं. पाहुण्याच्या गाठोड्यातून करवतीचे दात डोकावत होते.

"आजोबा, यांच्या गाठोड्यात..."

"गप्प! पाहुण्यासमोर शोभतं का हे? मनावर घेऊ नका हं, पोर जरा आगाऊ आहे."

"असू द्या, लेकरूच ते," पाहुणा म्हणाला आणि त्याने गाठोडं पायाने मागे सरकवलं.

ओरडावं, तांब्या आपटावा, गाव गोळा करावा, असं नातीला वाटलं. पण रीत आडवी आली. तिने शब्द गिळले.

सकाळी ढिगाजवळ मादी मरून पडली होती. शिंगाच्या जागी नुसती जखम होती. पिल्लू तिच्या पोटाला ढुशा देत होतं. माणसं पाहून ते पळालं, पण लपायला गवत होतं कुठे? उघड्या शेतांतून धावत ते नदीत उतरलं, पलीकडे गेलं आणि पुन्हा कधी दिसलं नाही.

मुखियाने कपाळावर हात मारला. "तो शिकारी आहे हे आम्हाला काय ठाऊक!"

"मला ठाऊक होतं," नात म्हणाली. "तुम्ही बोलू दिलं नाहीत, आणि मीही गप्प बसले."

मग मुखियाने पट्टा राखला. शेतं मागे सरकली, गवत पुन्हा डोक्यावर गेलं. आता पाहुणा आला की मुखिया नातीला मुद्दाम शेजारी बसवतो. म्हणतो, "बोल गं बाई, काय म्हणायचंय ते बोल."

ती रिकाम्या गवताकडे बघत राहते. गेंड्याचं आता कुणी विचारतच नाही.

तात्पर्य: जी रीत खरं बोलणाऱ्याचं तोंड बंद करते, ती वेळेवर मोडावी. जीव गेल्यावर दिलेला मान कुणाच्याच कामाचा नसतो.