संगप्पा गवंड्याच्या भिंती

एका गावात संगप्पा नावाचा गवंडी राहत असे. गावातली जवळपास सगळी घरे त्याच्याच हातची. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे सपाट छप्पर, म्हणजे माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर चढवायचा, जुना मात्र काढायचा नाही, अशी तिथली रीत. ज्याचे माळवद जाड, त्याचा मान मोठा.

एका सकाळी भूकंप झाला. शंभर कोसांपर्यंत भांडी खणखणली, देवळातली घंटा आपोआप वाजली. पण गावातला एकही दगड निखळला नाही. गावाने संगप्पाला पारावर बसवून फेटा बांधला. संगप्पा फुगला. का नाही फुगणार?

चार दिवसांनी विहिरी खोदणारी म्हातारी यल्लव्वा त्याच्या दारी आली. धक्का बसला तेव्हा ती विहिरीच्या तळाशी होती.

"गवंडीदादा, त्यो हादरा लई खोलातनं आला. वर येईस्तोवर त्याचा जीव गेला. उद्या एखादा उथळातनं उठला, तर बारका असला तरी तुमच्या भिंती टिकतील का?"

संगप्पाचा चेहरा उतरला. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून धरणारे आरपार दगड त्याने कामाच्या घाईत घातलेच नव्हते. मध्ये नुसता मुरूम भरला होता. हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते.

"कुणाला बोलू नगं," तो म्हणाला. "मी बघतो."

त्याने काहीही बघितले नाही. मिळालेला मान सोडायला मन धजेना. गाव मात्र निर्धास्त झाले. एवढा भूकंप पचवला, आता कसली भीती, म्हणून लोकांनी यंदा दोन-दोन थर चढवले. संगप्पाची लेक गिरिजा गावातच दिली होती. तीही म्हणाली, "अप्पा, आमच्या माळवदावर पण दोन थर घाला की."

खरे सांगायची हीच वेळ होती. पण त्याने स्वतःच्या हाताने लेकीच्या डोक्यावर माती चढवली आणि चोपून घट्ट बसवली.

पुढल्या वर्षी भर दुपारी जमीन पुन्हा हादरली. हा धक्का पहिल्याच्या पासंगालाही पुरला नसता. दहा कोसांवरची माणसे जेवताना क्षणभर थांबली आणि पुन्हा जेवू लागली. पण तो उठला थेट गावाच्या पायाखालून, अगदी उथळातून. भिंती दोन्हीकडे फाकल्या आणि माळवदे खाली बसली.

नदीवर दगड फोडणारा संगप्पा धावत आला. गिरिजाच्या घराच्या जागी मातीचा ढिगारा होता. संध्याकाळपर्यंत तो हातांनी उपसत राहिला. मग तिचा हात लागला. तो गार होता.

शेजारगावाहून मदतीला आलेल्या एकाने विचारले, "एवढा मोठा हादरा सोसला, मग या बारक्यानं गाव कसं गेलं?"

"त्यो खोल होता, ह्यो जवळ होता," संगप्पा म्हणाला. "मला म्हाईत होतं."

त्याला दोष द्यायलाही गावात फारसे कोणी उरले नव्हते.

तात्पर्य: संकट किती मोठे यापेक्षा ते किती जवळून आले, यावर नुकसान ठरते. दुरून गेलेल्या संकटातून वाचल्याचे श्रेय जो गप्प राहून घेतो, तो आपल्याच माणसांचा घात करतो, आणि नंतर खरे बोलून कोणी परत येत नाही.