कुंपणावरची खालची ओळ

मोहाच्या एका जंगलात एक खार आपल्या आईबरोबर राहत असे. राहत असे म्हणजे, मुलांनो, उघड्या फांदीवर राहत असे. कारण बुंध्यातली कोरडी ढोली तिच्या आईने तिच्या शिक्षणापोटी कोल्ह्याच्या व्यापारशाळेकडे गहाण टाकली होती. ज्या विद्यार्थ्याला बाजारात काम मिळे, त्याच्या केसांचा झुपका कोल्हा शाळेच्या बाभळीच्या कुंपणावर टांगत असे. "बघा माझ्या शिकवणीचं फळ," तो येणाऱ्या आयांना सांगे. "मुलगी कामाला लागली, की तिच्या कमाईतून ढोली सोडवून घ्या." झुपके बघून आई भुलली.

खार दोन वर्षे मन लावून शिकली. भाव कसा करावा, माप कसे धरावे, गिऱ्हाइकाशी किती गोड बोलावे, सारे तिला तोंडपाठ. पण त्या वर्षी मोह फुललाच नाही आणि बाजार बसला. निवडीच्या दिवशी एरवी दहा-बारा व्यापारी येत. यंदा एक म्हातारे अस्वल आले. "मीच दुकान आवरतोय रे बाळांनो," एवढे बोलून, पाणी पिऊन ते परत गेले.

कोल्ह्याने घसा साफ केला. "दोष तुमचाच. तुमच्यात चमकच नाही. आता आणखी एक वर्ष शिका. 'पडत्या काळातला व्यापार' असा नवा वर्ग काढतोय. घरात अजून काही असेल, ते घेऊन या." हे तो कुठे बसून बोलत होता? खारीच्या आईच्या ढोलीच्या दारात, पाय पसरून.

खारीशेजारच्या सशाचे कान पडले. "ताई, खरंच माझ्यात चमक नाही का गं?" त्याने हळूच विचारले. खारीच्या डोक्यात तिडीक गेली.

"गुरुजी, गेल्या वर्षी रानडुकराच्या पोराला पाचापुढे मोजता येत नव्हतं. त्याला तीन दुकानांनी मागितलं. तेव्हा मोह लदबदून फुलला होता. तो मोह काय तुम्ही फुलवला होता?"

"अशा उद्धट मुलीला बाजारात कोण ठेवील?"

"नाहीतरी कोण ठेवतंय," ससा पुटपुटला.

खार कुंपणापाशी गेली. तिने शेपटीचा एक झुपका दातांनी तोडला आणि वरच्या ओळीखाली, काट्यांत खोल अडकवला. मग सशाचा, मग साऱ्यांचा. काम न मिळालेल्यांची ही खालची ओळ वरचीपेक्षा लांब झाली. कोल्हा ती ओरबाडायला गेला, तर त्याच्याच नाकात काटे रुतले.

नव्या हंगामात एक मुंगशीण पिलाला घेऊन आली. तिने वर पाहिले, खाली पाहिले. "गुरुजी, ही खालची कोणाची?" कोल्ह्याने घाईघाईने त्या ओळीपुढे आपली शेपटी पसरली. मुंगशिणीने पिलाचा हात धरला आणि वाट बदलली. तिच्यामागून आलेल्यांनीही तेच केले.

शाळा उठली. खारीच्या आईने ढोली आधी घासूनपुसून काढली, मगच आत पाऊल टाकले. खारीची दोन वर्षे मात्र कोणी परत आणून दिली नाहीत. ती अजून कुंपणावर आहेत. ज्याला बघायची त्याने बघावीत.

तात्पर्य : बहराचे श्रेय जो आपल्या शिकवणीला घेतो, त्याने दुष्काळाचे खापर शिकणाऱ्यांच्या डोक्यावर फोडू नये; आणि फोडलेच, तर शिकणाऱ्यांनी ते मुकाट्याने सोसू नये.