तिघांशी एकदम बोलणारा कीबोर्ड

वायरी गळून पडल्या आणि कीबोर्ड मोकळे झाले, तेव्हाची ही गोष्ट. इंदुमतीताईंच्या टेबलावर कॉम्प्युटर, टॅब आणि मोबाइल मिळून एक कीबोर्ड निवडायला बसले.

पहिला लखलखत आला. "मी तिघांशी एकदम बोलतो!"

दुसरा साधा होता. "मी एका वेळी एकाशीच बोलतो. बटण दाबलं की दुसऱ्याकडे वळतो."

"म्हणजे आम्ही रांगेत उभं राहायचं?" मोबाइल फणकारला. झालं, लखलख्याची निवड झाली आणि तिघं आनंदाने नाचले!

तेवढ्यात ताई आल्या आणि कॉम्प्युटरवरून किराणावाल्याला त्यांनी झणझणीत लिहिलं, "तुम्ही पाठवलेला माल खवट आहे. आजच परत न्या!" मोबाइलवर विहीणबाईंचं चॅट उघडं होतं, त्यांनी कालच बेसनाचे लाडू पाठवले होते. लखलख्याने तिथेही तेच धाडलं.

लगेच फोन खणखणला. "लाडू न्यायला कधी येऊ, विहीणबाई?"

"अगं बाई!" ताई ओरडल्या.

टॅबने साध्याला हाक मारली, "ये रे बाबा! आधी कुणाशी बोलशील?"

"ताई ज्याच्याकडे बघतायत, त्याच्याशी."

ताई घामाघूम होऊन मोबाइलकडे बघत होत्या. बाकीच्या दोघांनी मुकाट्याने त्याला रांगेत पुढे ढकललं.