सावधगिरीची चौकट

एकदा एका पानमांडणीच्या कार्यालयात मधुमेही रुग्णांसाठी इन्सुलिनच्या इंजेक्शनची माहिती देणारी पुस्तिका करण्याचे काम आले. यांतल्या अनेकांची दृष्टी मधुमेहानेच गेली होती. म्हणून पुस्तिका नातेवाइकांसाठी छापली जाणार होती आणि तीच फाइल रुग्णांच्या फोनवर जाणार होती. फोन ती त्यांना वाचून दाखवणार होता.

काम शाल्मलीकडे होते. ज्यांनी तिला ही विद्या शिकवली ते आजगावकर सर आता वृद्ध झाले होते, पण त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथून काही बाहेर पडत नसे.

शाल्मलीने पान जीव ओतून मांडले. डॉक्टरांची सावधगिरीची सूचना सगळ्यांत उशिरा आली. तीही तिने लाल चौकटीत पानाच्या माथ्यावर बसवली.

सरांनी पान पाहिले, देखणे झाले आहे म्हणाले. मग फाइल वाचून दाखवण्याची सोय सुरू केली आणि संगणकाचा पडदाच बंद करून टाकला. चुकून हात लागला असेल, असे वाटून शाल्मली तो सुरू करायला गेली, तर त्यांनी तिला थांबवले.

यंत्राचा सपाट आवाज येऊ लागला. इंजेक्शन कुठे टोचावे, सुई कशी धरावी, मग चित्राखालच्या ओळी. आणि अगदी शेवटी: "इंजेक्शनपूर्वी साखर मोजा. सत्तरच्या खाली असेल तर इंजेक्शन घेऊ नका. आधी ग्लुकोज घ्या, डॉक्टरांना फोन करा."

शाल्मली म्हणाली, "सर, ही चौकट तर सगळ्यांत वर आहे."

"डोळ्यांना वर आहे," सर म्हणाले. "तू ती शेवटी केलीस, म्हणून फाइलीत ती शेवटचीच राहिली. पाहणाऱ्याला लाल रंग बोलावून घेतो. ऐकणाऱ्याला मात्र आपण लावून दिलेल्या क्रमानेच जावे लागते. ही सूचना त्याच्या कानी पडेल तेव्हा सुई टोचून झालेली असेल. काम आपण आपल्या सोयीने करतो, त्यात गैर काही नाही. पण हातावेगळे करण्यापूर्वी ते वाचणाऱ्याच्या क्रमाने लावून द्यावे."

शाल्मलीने पडदा पुन्हा सुरू केला. तिने फाइल ज्या क्रमाने वाचली जाते ती चौकटींची यादी उघडली, सूचना ओढून शीर्षकाच्या लगेच खाली आणली. डावा स्तंभ संपल्यावरच उजवा वाचला जातो की नाही, तेही तपासले. पानाचे रूप तसूभरही बदलले नव्हते. मग डोळे मिटून तिने सारी फाइल ऐकली.

सर घरी जाण्यासाठी आवरू लागले. ती मात्र उठली नाही. अंधांच्या एका संस्थेला गेल्या वर्षी करून दिलेल्या तीन पुस्तिका तिने शोधून काढल्या, पहिलीची दोन पाने ऐकली. तिथेही क्रम असाच चुकला होता. तिने संस्थेत फोन लावला. "मी दिलेल्या फाइली तूर्त कुणाला पाठवू नका," ती म्हणाली. "चूक माझी आहे. नीट करून परवा देते."

ते ऐकून सर दारातून परतले, शेजारची खुर्ची ओढून बसले आणि दुसरी पुस्तिका ऐकू लागले.