माळावरची भट्टी

डोंगराच्या खिंडीखाली एक गाव होतं आणि त्या गावात हौसाक्का नावाची एक भडभुंजीण राहायची. चणे भाजावेत, ज्वारीच्या लाह्या फोडाव्यात आणि आल्यागेल्याशी हसून बोलावं, एवढंच तिला येत होतं. पण ते झकास येत होतं. तिचा नवरा कोंडिबा. माणूस कष्टाळू, फक्त कुरकुर केल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

दोघंही बाजारपेठेतल्या मल्लूशेटच्या भट्टीवर मजुरी करत. आपली स्वतःची भट्टी असावी असं हौसाक्काच्या मनानं घेतलं आणि तिनं पंचांकडे जागा मागितली. बाजारातली जागा मल्लूशेटनं मिळू दिली नाही. शेवटी पंचांनी गावाच्या पश्चिमेचा उघडा माळ दाखवला. खिंडीतून येणारा वारा त्या माळावर असा सुटायचा की डोक्यावरचं मुंडासं टिकत नसे.

"जत्रेपर्यंत भट्टी चालवून दाखव," पंच म्हणाले. "चालली तर जागा तुझी. न्हाईतर सोडायची."

सोडायची म्हणजे पुन्हा मल्लूशेटच्या दारात हात जोडून उभं राहायचं. हे कुणी बोललं नाही, पण कळत सगळ्यांना होतं.

हौसाक्कानं हौसेनं भट्टी बांधली. त्या गावात भट्टीचं तोंड नेहमी उगवतीकडे ठेवायचा रिवाज होता, म्हणून तिनंही तसंच ठेवलं. आणि वाऱ्यानं तिची पार दैना केली. भट्टीच्या पाठीवर आपटून तो वळसा घ्यायचा आणि सगळा धूर तिच्याच डोळ्यांत सोडायचा. जाळ धड पेटेना, वाळू धड तापेना, चणे निम्मे कच्चे राहू लागले. लाह्यांची तर बातच सोडा. कढईतून वर आल्या की उडाल्याच. माळाच्या उताराला पोरं पदरासारखे सदरे पसरून उभी राहत आणि फुकटच्या लाह्या झेलत. गिऱ्हाइकांपेक्षा त्यांचीच गर्दी जास्त.

मल्लूशेट एकदा मुद्दाम बघायला आला. डोळे पुसणाऱ्या हौसाक्काला म्हणाला, "कशाला जिवाला तरास करून घेतीस? माझ्या भट्टीवर परत ये. सावलीत बसशील."

"सावली तुमची, शेट. हितला धूर तरी माझा हाय," हौसाक्का म्हणाली.

मल्लूशेट हसत निघून गेला. पण कोंडिबाचा संताप अनावर झाला. त्यानं आधी वाऱ्याला शिव्या घातल्या, मग नशिबाला, आणि शेवटी भट्टीच्या पाठीत एक सणसणीत लाथ घातली. मागच्या दोन विटा निखळून आत पडल्या. त्या भगदाडातून वारा आत घुसला आणि मरगळलेला जाळ असा काही भडकला, की कोंडिबा पाय धरून टुणकन मागे उडाला. कढईतली वाळू तापून आली. राहिलेले चणे तडातड फुटले, एकही कच्चा राहिला नाही.

हौसाक्का बघतच राहिली. मग पोट धरून हसली.

"अवं, बरी लाथ घातली!" ती म्हणाली. "चला, भट्टी पाडू या. तोंड मावळतीकडं करू."

"मावळतीकडं? अगं, आजवर कुणी केलंय का तसं? देव कोपंल!"

"वारा कुणी धाडलाय? त्येनंच की."

रिवाज मोडायला तिलाही धास्ती वाटत होती. तरी तिनं भट्टी पाडली आणि तोंड वाऱ्याकडे करून नव्यानं बांधली. आता खिंडीतला वारा फुकटात भाता मारू लागला. मूठभर काटक्यांत कढई तापायची आणि धूर पलीकडे निघून जायचा. कढईच्या बाजूनं तिनं गोणपाटाचा आडोसा बांधला, तशा लाह्याही जागच्या जागी राहू लागल्या. उताराच्या पोरांचा तेवढा हिरमोड झाला.

हळूहळू तिला वाऱ्याची चटकच लागली. भाजलेले चणे गोणपाटावर चोळायचे आणि सूप वर धरायचं. टरफलं आपोआप उडून जात, खाली नुसते पिवळेधमक फुटाणे उरत. मल्लूशेटच्या बंदिस्त गल्लीत वाऱ्याची झुळूकही नसे. त्याची गिऱ्हाइकं फुटाणे कमी खात आणि टरफलं जास्त थुंकत.

जत्रेचा दिवस उजाडला आणि वारा पडला. झाडाचं पानही हलेना. जाळ मंद झाला. माळावर माणूस फिरकलं नाही. इतके दिवस वाऱ्याला शिव्या देणारा कोंडिबा खिंडीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं चक्क हात जोडले.

"ये रं बाबा," तो म्हणाला. "चुकलं माझं. ये एकडाव."

हौसाक्काला हसू आलं आणि रडूही आलं. ती हातपंख्यानं जाळाला वारा घालत बसली. खांदे भरून आले, तरी तिनं भट्टी विझू दिली नाही.

उन्हं चढली आणि खिंडीतून वारा सुटला. त्यानं भट्टी फुलवली आणि भाजक्या चण्यांचा खमंग वास उचलून थेट देवळापुढच्या गर्दीत नेला. एवढी दवंडी हौसाक्काला जन्मात पिटता आली नसती. पाळण्यातून उतरलेली पोरं, नारळ फोडून निघालेले म्हातारे, नव्या नवऱ्या, सगळे नाक वर करून माळाकडे चालू लागले. मल्लूशेटच्या दुकानापुढूनच गेले, पण तिथं थांबलं कुणी नाही.

संध्याकाळी पंच स्वतः फुटाणे खात माळावर आले. खूश होऊन म्हणाले, "हौसाक्का, जिंकलीस! हा माळ कशाला आता? देवळाजवळची जागा देतो तुला. भर बाजारात, चारी बाजूंनी आडोसा."

कोंडिबाचे डोळे चमकले. बाजारातल्या ज्या जागेसाठी हौसाक्कानं पंचांपुढे पदर पसरला होता, ती जागा चालत दारात आली होती.

हौसाक्कानं सूप खाली ठेवलं आणि पंचांकडे नवलानं पाहिलं.

"तिथं जाऊन काय करू, दादा?" ती म्हणाली. "तिथं वारा कुठंय?"

तात्पर्य: धंद्यातली जी अडचण हटवता येत नाही, तिच्याशी भांडत बसू नये; तिला आपल्या कामाला कसं जुंपता येईल ते पाहावं आणि त्यासाठी जुनी सवय मोडावी लागली तर मोडावी.