मुकी घंटा

त्या राज्यात ज्याला काम त्याच्याच गळ्यात घंटा असे, आणि ज्याच्या गळ्यात घंटा त्यालाच गोठ्यात जागा. काम सुटलं की चौकातला मुकादम बोकड घंटा उतरवून घेई. पुढच्या पौर्णिमेचा सूर्य मावळेपर्यंत दुसरं काम मिळालं नाही, तर बिऱ्हाड उचलून माळावर जायचं. माळावर कुंपण नव्हतं आणि लांडगे होते.

कबऱ्या बैलाची घंटा ऐन उतारवयात गेली. वीस वर्षं त्याने तेलाचा घाणा ओढला होता. मग आपोआप फिरणारा लोखंडी घाणा आला, आणि कबऱ्याला त्याच्याच डोळ्यांवरची कापडी झापडं भेट म्हणून देऊन निरोप देण्यात आला. जुन्या नोकराला रिकाम्या हाती पाठवणं बरं दिसत नाही, असा त्यामागे विचार होता.

कामाच्या चौकात एक रीत होती. उमेदवाराने दगडावर उभं राहून एका दमात आपलं काम सांगायचं. कबऱ्या दगडावर चढला आणि म्हणाला, "मी चालतो."

"किती चाललास?" बोकडाने विचारलं.

"वीस वर्षं."

"आणि पोचलास कुठे?"

कबऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला. "घाण्यापाशी," तो म्हणाला.

सगळा चौक हसला. हसणाऱ्यांतले निम्मे त्याच्याच घाण्याचं तेल खाऊन मोठे झाले होते, पण ते असो.

बोकड मनाने वाईट नव्हता. त्याने कबऱ्याला नदीचं पाणी वाहायचं काम देऊन पाहिलं. कबऱ्या पखाल घेऊन निघाला, दहा पावलांवर सवयीने डावीकडे वळला, वळतच राहिला, आणि थोड्या वेळाने रिकाम्या पखालीनिशी बोकडासमोर हजर झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती पखाल एका तरण्या रेड्याच्या पाठीवर गेली.

घरी त्याच्या चंद्री गायीने माळाच्या वाटेसाठी गवताची पेंडी बांधायला घेतली होती.

पौर्णिमेच्या सकाळी चौकात तोंड दाखवायची लाज वाटून तो खिंडीच्या पायथ्याशी जाऊन बसला. तिथे जमना नावाची म्हातारी घोडी दम खात होती. गाड्या ओढण्यात तिचा जन्म गेला होता. बोलता बोलता तिने विचारलं, "घाणा ओढताना डोळ्यांवर तर झापडं. मग तेल निघालं, आता थांबायचं, हे तुला सांगायचं कोण?"

"सांगायला कशाला हवं? ऐकू येतं की. तीळ कोरडा पडला की घाणा वेगळा कुरकुरतो." समोरून एक गाडी चढत होती. कबऱ्याने कान टवकारले. "आता हिचंच बघ. उजव्या चाकाचं वंगण संपलंय. दुसऱ्या वळणावर बसणार ही."

गाडी दुसऱ्या वळणावर बसली.

जमना उठून उभी राहिली. "हे त्या दगडावर चढून का नाही सांगितलंस?"

"हे काय काम आहे? हे नुसतं कळतं."

"अरे बाबा, या खिंडीत दर महिन्याला गाडी कोसळते," जमना म्हणाली, आणि त्याला ढकलतच चौकात घेऊन गेली.

बोकडाने त्याला रस्त्याकडे पाठ करून उभं केलं आणि मागून तीन गाड्या नेल्या. पहिली ठीक आहे, कबऱ्या म्हणाला. दुसरीला तेल हवंय. तिसरीचा आस तडकलाय. बोकडाने खाली वाकून तिसऱ्या गाडीचा आस पाहिला आणि सरळ घंटांच्या खुंटीकडे गेला.

सूर्य टेकला तेव्हा चंद्री गोठ्याच्या दारात कान देऊन उभी होती. आपापल्या घंटा वाजवत एकेक जण घरी येत होता. शेवटी ओळखीची पावलं आली. नुसती पावलंच. घंटेचा आवाज नव्हता. चंद्रीने खाली मान घालून पेंडी पाठीवर घेतली.

"उतरव ती," कबऱ्या म्हणाला.

तिने वर पाहिलं. त्याच्या गळ्यात नवी कोरी पितळी घंटा होती. चंद्रीने पेंडी खाली टाकली आणि तिला रडूच आलं.

"मग वाजत का नाही?"

"ही वाजली तर गाड्या कशा ऐकू येतील?"

त्याने मान वर केली. घंटेच्या लोलकाला ती दोन्ही झापडं गुंडाळून घट्ट बांधलेली होती.